पाळक, मंडळी आणि दरबार : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या जीवनातील एक सूत्र

मराठी वाङ्मयेतिहासाने नारायण वामन टिळक यांची दोन रूपे जतन केली आहेत. पहिले रूप फुलामुलांच्या कवीचे. आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीत केशवसुतांच्या बरोबरीने ज्यांचा उल्लेख होतो, ते हे टिळक. दुसरे रूप लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तील विलक्षण पतीचे : उदार, उतावळा, विसराळू आणि पैशाच्या बाबतीत सर्वस्वी बेभरवशाचा. या दोन्ही रूपांनी एक तिसरे रूप झाकोळून टाकले आहे. टिळक हे दीक्षाप्राप्त पाळक होते. अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत त्यांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे घालविली. ख्रिस्ती मंडळीचे नेतृत्व कोणाकडे असावे, पाळक आणि सामान्य सभासद यांच्यातील वाटणी कशी व्हावी, हा प्रश्न त्यांच्या उत्तरायुष्याच्या केंद्रस्थानी होता. हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांच्या भजनांचा विचार केला तर ती केवळ भक्तिकविता उरते, आणि त्यांचा १९१७ सालचा संन्यास ही एका भावनाप्रधान कवीची लहर वाटू लागते. ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांचा तसा समज होणे स्वाभाविक आहे. लक्ष्मीबाईंची मिश्किल दृष्टी माणूस टिपते. त्या माणसाने संस्थेविषयी केलेला विचार हा त्या दृष्टीचा विषय नव्हता.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने अत्यंत कठोर होते. आई जानकीबाई भाविक व कवितेची आवड असलेल्या. आईच्या मृत्यूनंतर लहान वयातच टिळकांनी घर सोडले व ते नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांचे संस्कृतचे अध्ययन झाले. इंग्रजी शिक्षण फार झाले नाही. १८८० साली मनकर्णिका गोखले, म्हणजेच पुढच्या लक्ष्मीबाई, यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतरची दहा-बारा वर्षे भ्रमंतीची आहेत : शिक्षक, कीर्तनकार, पुराणिक, छापखान्यातील कामगार अशी अनेक कामे त्यांनी केली आणि कोणत्याही गावी ते फार काळ टिकले नाहीत. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना काही स्थैर्य लाभले. तेथे त्यांनी ‘ऋषी’ नावाचे धर्मविषयक मासिकही चालविले. या काळातील एक गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जातिभेद, मूर्तिपूजा व पुरोहितशाही यांवाचून असलेला एक नवा धर्म आपल्या देशाला हवा, असे त्यांच्या मनाने घेतले होते, आणि असा धर्म आपणच स्थापन करावा असेही त्यांना वाटत होते. म्हणजे पुरोहित आणि यजमान यांच्या नात्याविषयीचे असमाधान त्यांनी ख्रिस्ती धर्मात येताना बरोबर आणले होते.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्या प्रसंगाची हकिकत अनेकदा सांगितली गेली आहे, तिचा विस्तार येथे नको. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. पुढील दोन वर्षे वाचन आणि पत्रव्यवहार यांत गेली. मुंबईचे जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी याच काळात त्यांचा संबंध जुळला. पुढे संतवाङ्मयाचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून नावाजलेले अ‍ॅबट ते हेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याकडून न घेता देशी पाळकाच्या हस्ते घ्यावयाचा, हा त्यांचा आग्रह होता आणि तो पाळला गेला. एका विद्वान ब्राह्मणाचे धर्मांतर ही मिशनच्या दृष्टीने मोठी घटना होती, आणि अशा घटनेचे श्रेय सहजच एखाद्या गोऱ्या धर्मोपदेशकाकडे गेले असते. टिळकांनी ते जाऊ दिले नाही. संस्कार करण्याचा अधिकार देशी मंडळीच्या पाळकाकडे आहे, तो त्याने वापरावा, हे त्यांनी ख्रिस्ती जीवनाच्या पहिल्याच दिवशी कृतीने मांडले.

ज्या व्यवस्थेत ते आले तिची रचना येथे लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व ताण त्या रचनेतून निर्माण झाले. अमेरिकन मराठी मिशन ही अमेरिकन बोर्डाची शाखा. तिचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले. अहमदनगरचे (आजच्या अहिल्यानगरचे) ठाणे १८३१ मध्ये स्थापन झाले आणि तेथील पहिली मंडळी १८३३ मध्ये. हे मिशनरी प्रामुख्याने काँग्रिगेशनल पंथाचे होते. या पंथाच्या तत्त्वानुसार प्रत्येक स्थानिक मंडळी स्वयंशासित असते. तिच्यावर बिशपची सत्ता नाही. मंडळीचे सभासद एकत्र बसून निर्णय करतात, आपल्यातूनच डीकन निवडतात आणि पाळकालाही तेच पाचारण करतात. शेजारच्या मंडळ्यांचे प्रतिनिधी मिळून त्याला दीक्षा देतात. पाळकाचा अधिकार उपदेशाचा व संस्कारांचा आणि कारभाराचा अधिकार सर्वांचा, अशी ही वाटणी. ग्रामसभेची आठवण व्हावी इतकी ती कागदावर लोकाभिमुख आहे.

प्रत्यक्षात मात्र या रचनेवर एक दुसरी रचना उभी होती. ‘मिशन’ म्हणजे परदेशी धर्मोपदेशकांची संस्था, ‘मंडळी’ म्हणजे देशी ख्रिस्ती लोकांचा समुदाय. शाळा, वसतिगृहे, छापखाना, दवाखाने आणि त्यांसाठी लागणारा पैसा मिशनकडे होता. गावोगावचे उपदेशक, शिक्षक आणि बायबल वाचून दाखविणाऱ्या स्त्रिया मिशनच्या पगारावर होत्या, आणि मंडळीच्या सभेत मत देणारेही बहुधा हेच लोक असत. ज्याच्या हातून वेतन घ्यावयाचे त्याच्यासमोर मतस्वातंत्र्य किती चालणार? मिशनच्या मुख्यालयाला याची जाणीव नव्हती असे नाही. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले होते. देशी मंडळी स्वावलंबी, स्वयंशासित आणि स्वतःच धर्मप्रसार करणारी व्हावी, तिचे पाळक देशी असावेत, हे धोरण त्यांनी आग्रहाने मांडले. त्या सुमारास अहमदनगरला देशी पाळकांना दीक्षा देण्यास प्रारंभही झाला. तथापि स्वावलंबनाचा प्रश्न सुटला नाही. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती महार व मांग समाजांतून आलेले. दुष्काळ त्यांच्या पाचवीला पुजलेला. ज्या मंडळीच्या सभासदांना स्वतःच्या पोटाची भ्रांत, तिने पाळकाचा पगार द्यावा कोठून? नेतृत्वाच्या वाटणीचा प्रश्न अशा रीतीने मूलतः दारिद्र्याशी बांधलेला होता. पुढे टिळकांनी दिलेल्या उत्तराचे मोल ठरविताना हे विसरून चालणार नाही.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला आले. तेथील ईश्वरविज्ञान विद्यालय रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८ साली सुरू केले होते. त्यात टिळक अध्यापन करू लागले. ह्यूम यांच्याशी त्यांचे संबंध अखेरपर्यंत स्नेहाचे राहिले. टिळकांच्या स्वदेशाभिमानाला मिशनमधील विरोध झाला नाही असे नाही, परंतु त्यांना समजून घेणारे मिशनरीही होते. टिळक विरुद्ध मिशनरी असे सरळ चित्र काढणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

धर्मांतराची किंमत त्यांनी घरात मोजली. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या आधाराने राहिल्या, आणि पतिपत्नींची ताटातूट सुमारे चार-पाच वर्षे चालली. नंतर त्या नगरला आल्या, पण आपले सोवळे घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. वेगळी चूल आणि वेगळे पाणी यांसह त्या ख्रिस्ती वस्तीत राहिल्या. जातिभेद ही माणसांची निर्मिती आहे, देवाची नव्हे, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्न त्यांना वर्ज्य राहिले नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या क्रमाकडे लक्ष दिले पाहिजे. त्यांच्या जीवनात आचरण आधी बदलले आणि संस्कार नंतर झाला. संस्काराच्या उंबरठ्याबाहेर उभी असलेली व्यक्तीही शिष्य असू शकते, हा विचार टिळकांनी पुढे मांडला. त्या विचाराचा पहिला दाखला त्यांच्या स्वतःच्या घरात होता, असे म्हणण्यास जागा आहे.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. बाप्तिस्मा आणि दीक्षा यांत नऊ वर्षांचे अंतर आहे. या काळात ते शिकवीत होते, लिहीत होते, कीर्तने करीत होते. म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती सेवेचा बराच मोठा भाग दीक्षेविना झालेला आहे. राहुरी येथील वास्तव्यात मंडळीचे दैनंदिन जीवन त्यांनी जवळून पाहिले. तेथे डॉ. बॅलन्टाइन यांचे वैद्यकीय कार्य चालत असे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने जिल्ह्यात अनाथ मुलांचे लोंढे आणले होते आणि त्याच काळात प्लेगच्या साथीही येत होत्या. टिळकांच्या घरात नेहमी आश्रित मुले असत. पाळकाने एखाद्याला घरी आणावयाचे आणि पाळकाच्या पत्नीने त्याला सांभाळावयाचे, अशी त्या घरातील कामाची विभागणी होती. लक्ष्मीबाईंना कोणतेही पद नव्हते. शुश्रूषा, समेट, पोरक्या मुलांचे संगोपन, बायकांच्या अडीअडचणी ही मंडळीतील खरीखुरी पाळकीय कामे त्यांनी केली. मंडळीच्या इतिहासात पाळकांच्या याद्या सापडतात, या कामाच्या याद्या सापडत नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ नसते तर हा सारा भाग काळाआड गेला असता.

नेतृत्वाच्या वाटणीच्या दृष्टीने टिळकांचे सर्वांत टिकाऊ कार्य सभेत किंवा समितीत झाले नाही. ते भजनांत झाले. प्रॉटेस्टंट उपासनेची घडण पाहिली तर हे स्पष्ट होते. प्रवचन पाळकाचे, प्रभुभोजनाचा विधी पाळकाचा, आशीर्वचन पाळकाचे. सभासदाच्या वाट्याला ऐकणे येते आणि गाणे येते. गीत हाच उपासनेतील एक भाग असा, की ज्यात संपूर्ण मंडळी एकाच वेळी बोलते. ही वाणी परक्या चालींवर बसविलेल्या भाषांतरित शब्दांची असेल, तर सभासदाचा हा एकुलता एक अधिकारही उसना ठरतो. टिळकांच्या आधी मराठी वळणाची ख्रिस्ती पदे नव्हती असे नाही. नगरचे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशी चालींवर पदे रचली आणि ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजविली. टिळकांच्या अभ्यासात सांगळे यांना जेवढे स्थान मिळावयास हवे तेवढे मिळत नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते. टिळकांनी ही वाट राजमार्गाइतकी रुंद केली. ‘उपासनासंगीत’ या भजनसंग्रहात त्यांची सुमारे अडीचशे पदे समाविष्ट झाली. ‘अभंगांजली’त त्यांनी अभंगाचा छंद ख्रिस्तभक्तीसाठी वापरला.

अभंगाची ही निवड केवळ छंदाची नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भावना होती व ती त्यांनी पुनःपुन्हा व्यक्त केली. वारकरी परंपरेचे एक वैशिष्ट्य असे, की तिच्यातील थोर वाणी पुरोहितवर्गाची नाही. वाणी, शिंपी, माळी, महार, दासी यांनी ती घडविली. अभंग उच्चारण्यासाठी दीक्षा लागत नाही आणि दिंडीत टाळ वाजविणाऱ्याला कोणाचे प्रमाणपत्र नको. ज्या मंडळीतील बहुसंख्य सभासद वाचू शकत नव्हते, आणि ज्यांच्या पूर्वजांना देवळाच्या पायरीपलीकडे प्रवेश नव्हता, त्यांच्या मुखी टिळकांनी हा छंद घातला. निरक्षर स्त्रियांनी पदे पाठ केली. ज्या गावी पाळक महिन्यातून एखादे वेळी येई, तेथे उरलेल्या दिवसांत मंडळी टिकून राहावयाची ती भजनावरच.

कीर्तनाचेही तसेच. कीर्तनकार प्रवचनपीठावर उभा राहत नाही, तो श्रोत्यांच्या पातळीवर उभा असतो, आणि मागचे टाळकरी त्याच्या निवेदनात भाग घेतात. दीक्षा नसलेला शिक्षक किंवा एखादी स्त्रीदेखील कीर्तन करू शकते. लक्ष्मीबाईंनी ती केली. ज्या मंडळीत स्त्रीला दीक्षा मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, तिथे कीर्तनाने तिला समुदायापुढे उभे राहून धर्मकथन करण्याची जागा दिली.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. टिळकांनी मंडळीला दिलेली भाषा संतपरंपरेची असली तरी तिच्यावर संस्कृताध्ययनाचा आणि ब्राह्मणी संस्काराचा ठसा आहे. सभासद बहुतांशी अस्पृश्य समाजांतले आणि त्यांचा प्रातिनिधिक कवी मात्र चित्पावन, यात जुन्या श्रेणीचेच पुनरुत्पादन झाले असे कोणी म्हणू शकेल. या आक्षेपात तथ्य आहे. ब्राह्मण धर्मांतरिताला मिशनच्या जगात लवकर प्रतिष्ठा मिळे, हे टिळकांच्याही बाबतीत खरे आहे. दलित पाळक व उपदेशक संख्येने अधिक होते, त्यांचे चरित्रकार मात्र निघाले नाहीत. तथापि टिळकांच्या पदांतील सर्वाधिक प्रसृत झालेली पदे पाहिली तर त्यांतील शब्दकळा घरगुती, बोलीच्या जवळची आहे, आणि ज्यांत पांडित्य आहे ती पदे गाण्यातून हळूहळू मागे पडली आहेत. निवड कवीने केली नाही, गाणाऱ्यांनी केली. मंडळी स्वतःच्या वाङ्मयाची संपादक झाली, हेही सहभागी नेतृत्वाचेच एक रूप मानावे लागेल.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक झाले. १८४२ साली निघालेले हे पत्र मिशनचे मुखपत्र. टिळकांच्या हाती त्याला देशी ख्रिस्ती समाजाच्या विचारपीठाचे स्वरूप आले. ख्रिस्ती माणूस हा हिंदी आहे, त्याने राष्ट्रजीवनाबाहेर राहू नये, आणि मंडळीने मिशनचे बोट सोडून चालावयास शिकावे, ही त्यांची सूत्रे या काळात ठळक झाली. मोठ्या काव्याचाही विचार मनात होता. ‘ख्रिस्तायन’ त्यांनी १९०९ मध्ये आरंभिले होते, पण ते रेंगाळले. बालकवी ठोंबरे काही काळ नगरला टिळकांच्या घरी राहून गेले ते याच काळाच्या आगेमागे. त्या घराची ही वाङ्मयीन बाजू सुपरिचित आहे.

१९१७ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यास बिऱ्हाड हलविले. त्यांचे वय पंचावन्न-छप्पन होते, प्रकृती खालावलेली होती, आणि पाठीशी संचय नव्हता. गृहस्थाचा हा संन्यास लक्ष्मीबाईंना सुखाचा वाटला नाही, हे सांगावयास नको. घर चालवावयाचे होते ते त्यांनाच. संन्यासाचे तात्पर्य टिळकांच्या मनात वेतनत्यागाशी निगडित होते. परदेशी पैशावर जगणारा उपदेशक देशबांधवांना नोकर दिसतो, साधू दिसत नाही. आणि तो आपल्या मंडळीलाही जबाबदार राहत नाही, कारण त्याचा धनी दुसरीकडे आहे. हे दुखणे त्यांनी दोन तपे अनुभवले होते. भगवी वस्त्रे घेऊन त्यांनी ते आपल्यापुरते तोडले. ‘ज्ञानोदय’चे संपादन मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही, आणि मिशनशी वैरही धरले नाही. हा विद्रोह नव्हता, स्थानबदल होता.

याच वेळी त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताच्या शिष्यांचा हा बंधुसंघ बाप्तिस्मा घेतलेल्यांचा तसाच न घेतलेल्यांचाही होता. ज्यांचा कोणत्याही मंडळीशी संबंध होता त्यांनी तो सोडावा अशी अपेक्षा नव्हती, कारण टिळकांना नवा पंथ काढावयाचा नव्हता. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या, परंतु कुटुंब आणि जात यांपासून तुटण्यास न धजणाऱ्या अथवा तसे तुटणे योग्य न मानणाऱ्या माणसांना शिष्यत्वाची जागा मिळावी, हा त्यांचा हेतू होता. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता. पत्नी, आई आणि पंगत यांवरचा हक्क कोणताही कायदा देऊ शकत नव्हता. हे टिळकांइतके कोणाला ठाऊक असणार?

दरबाराचा आशय नेतृत्वाच्या प्रश्नाच्या संदर्भात तपासला तर त्याचे धाडस ध्यानात येते. काँग्रिगेशनल रचनेत पाळक आणि सभासद यांच्यात अधिकाराची वाटणी होती, पण मंडळीची सीमारेषा बाप्तिस्म्याने आखलेली होती, आणि बाप्तिस्मा पाळकाच्या हातात होता. टिळकांनी ही सीमाच पुसट केली. शिष्यत्वासाठी बाप्तिस्मा ही पूर्वअट राहिली नाही, तर पाळकाच्या हातातील सर्वांत मोठी किल्ली गळून पडते. दीक्षाप्राप्त आणि दीक्षाविरहित यांतील भेद दरबारात गौण झाला, कारण तेथील कामे भजन, सेवा, सत्संग आणि साक्ष ही होती. त्यांना दीक्षेची गरजच नव्हती. स्वतः दीक्षाप्राप्त असलेल्या माणसाने हे करावे, याला महत्त्व आहे. अधिकार नसलेल्याने अधिकाराची टीका करणे सोपे असते.

‘दरबार’ या शब्दाची निवडही विचारात घेण्याजोगी आहे. मंडळी, सभा, समाज, संघ हे शब्द उपलब्ध होते. प्रार्थनासमाज आणि सत्यशोधक समाज यांनी ‘समाज’ शब्दाला महाराष्ट्रात प्रतिष्ठा दिली होती. टिळकांनी राजसत्तेचा शब्द घेतला, आणि तो छत्रपतींच्या गादीच्या साताऱ्यात उच्चारला. नव्या करारातील देवाच्या राज्याची कल्पना त्यात मराठी रूप घेते. राजा एकच, बाकी सारे समान, असा त्याचा एक अर्थ. परंतु दरबारात मानकरी असतात, आणि राजाच्या नावाने हुकूम सांगणारा कोणीतरी असतो, हाही त्या शब्दाचाच अर्थ आहे.

दरबाराची उणीव नेमकी येथे होती. मंडळीची काँग्रिगेशनल रचना कितीही मिशनच्या छायेत असली तरी तिच्यात सभा होती, इतिवृत्त होते, निवडणूक होती, पाळकाला जाब विचारण्याची पद्धत होती. दरबारात यांपैकी काही नव्हते. तेथे टिळक होते. ख्रिस्त हाच गुरू, आपण सेवक, ही त्यांची भूमिका प्रामाणिक होती. अनुयायांच्या दृष्टीने मात्र गुरुपद त्यांच्याकडेच आले. गुरुशिष्यपरंपरेत गुरूला मतदानाने निवडीत नाहीत व त्याला पदच्युतही करीत नाहीत. पगारी पाळकाच्या जागी निष्कांचन गुरू आला, तेव्हा पैशाची सत्ता गेली, पण व्यक्तीची सत्ता वाढली. सामान्य सभासदाला प्रतिष्ठा देण्यासाठी निघालेली योजना एका असामान्य माणसावर सर्वस्वी अवलंबून राहिली. टिळकांना हे टाळता आले असते काय? त्यांना आणखी दहा वर्षे मिळती तर दरबाराला काही घटना, काही नियम लाभले असते, अशी शक्यता आहे. त्यांचा पिंड पाहता मात्र ती फार बलवत्तर वाटत नाही. नियमांच्या बाबतीत ते आयुष्यभर अधीर होते.

दहा वर्षे मिळाली नाहीत. जेमतेम दोन मिळाली. प्रकृती ढासळत गेली. उपचारासाठी त्यांना मुंबईला आणण्यात आले आणि ९ मे १९१९ रोजी जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आपल्या देहाचे दहन करावे, असे त्यांनी लिहून ठेवले होते. दफन हा तेथील ख्रिस्ती समाजाचा रूढ विधी. पाळकाने स्वतःसाठी तो नाकारावा, ही गोष्ट साधी नव्हती. इच्छेप्रमाणे दहन झाले व अस्थी नगरला नेण्यात आल्या.

दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. त्याचा काही अंश वेगळ्या दिशेने वाढला. अँग्लिकन पंथाचे जॉन विन्स्लो टिळकांच्या विचाराने प्रभावित झाले होते. त्यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला, ज्यात हिंदी व इंग्रज, दीक्षाप्राप्त व दीक्षाविरहित सदस्य आश्रमीय पद्धतीने एकत्र राहत. टिळकांचे इंग्रजी चरित्र विन्स्लो यांनीच १९२३ मध्ये प्रसिद्ध केले. या संघाला नियमावली होती. टिळकांच्या कल्पनेला जे मिळाले नव्हते ते तिला एका बिशपशासित पंथाच्या शिस्तीतून मिळाले, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. संघाची सेवा पुढे पुण्यात स्थिरावली आणि व्हेरिअर एल्विन हिंदुस्थानात आले ते १९२७ मध्ये याच संघातून. काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळ्यांसह उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत विलीन झाल्या, आणि १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत बिशपपदासह नवी रचना आली. पाळक, सभासद व बिशप यांच्या अधिकारांची वाटणी आता लिखित घटनेने ठरते. टिळकांचा दरबार या कोणत्याही घटनेत आढळत नाही. त्यांची पदे मात्र या सर्व स्थित्यंतरांतून गायली जात राहिली.

लक्ष्मीबाईंनी पतीच्या निधनानंतर सतरा वर्षे काढली. दीक्षा नाही, मिशनमध्ये अधिकारपद नाही, शालेय शिक्षण नाही. कीर्तने त्यांनी चालू ठेवली. मुलाला पित्याच्या चरित्रासाठी साहित्य पुरवावे म्हणून लिहिलेल्या आठवणींतून ‘स्मृतिचित्रे’ घडली. पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनी हाती घेतले. पाळक असलेल्या कवीला जे काव्य आरंभाच्या काही अध्यायांपलीकडे नेता आले नव्हते, त्याचे उरलेले चौसष्ट अध्याय त्यांनी ओवीत रचले. १९३६ साली त्यांचा मृत्यू झाला, आणि दोघांच्या हातचे ते काव्य दोन वर्षांनी छापून निघाले.